पोछ्याच्या दांड्यावरची दुर्बीण

रायफलीला दुर्बीण लावून नेम धरणाऱ्यांची माझ्या वडिलांनी आयुष्यभर टिंगल केली. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्याआधी कितीतरी वर्षं ते नव्या जवानांना नेमबाजी शिकवत होते. नळीच्या टोकाला जो बारीक खिळ्याएवढा उंचवटा असतो, त्याला फौजेत मक्खी म्हणतात. डोळा, मक्खी आणि लक्ष्य एवढं तिघांचं जमलं की गोळी कुठे जायची तिथेच जाते, मध्ये काच कशाला, असं ते म्हणायचे. दुर्बीण लावणाऱ्याला ते ‘साहेब’ म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द काही मानाचा नव्हता.

त्यामुळे मागच्या दिवाळीनंतर ते आमच्याकडे मयूर विहारला आले आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "रायफलला दुर्बीण घ्यायची आहे. तू जरा बघ," तेव्हा मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट मी खूश झाले. अण्णांनी माझ्याकडे काही मागितल्याला फार वर्षं झाली होती. स्वेटर आणला तर ‘आहे की’, बूट आणले तर ‘अजून चालतायत की’. माणूस काही मागतच नसेल तर त्याच्यावर माया करायची तरी कशी, हा माझा जुना प्रश्न होता. आता त्यांनी चक्क एक वस्तू मागितली होती, आणि तीही मला काहीच कळत नाही अशी.

रायफल गावाला असते. साताऱ्याकडे डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे. फौजेतून निवृत्त झाल्यापासून, आणि आता आई गेल्यावरही, अण्णा तिथे धाकट्या भावाबरोबर, म्हणजे माझ्या काका-काकूंबरोबर राहतात. डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि पहाटेपर्यंत भुईमुगाचं अख्खं वावर नांगरल्यासारखं उलटं करून जातात. अण्णांकडे पीक राखायच्या रायफलीचा परवाना आहे, रानडुकरांपुरती वनखात्याची लेखी परवानगीही ते दर हंगामात काढतात. पंचक्रोशीत हे दोन्ही कागद आणि शिवाय नेम असलेला माणूस एकच. हंगामात लोक त्यांना घरी येऊन बोलावून नेतात, चहा देतात, आणि वावरातल्या माळ्यावर, म्हणजे उंच मचाणावर, बसवतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला गावात अजून ‘तुमच्याशिवाय व्हायचं नाही’ असं कुणीतरी म्हणतं, याचं मोल मला दिल्लीत बसूनही समजत होतं.

संक्रांतीनंतर ते गावाला परत जाणार होते. उन्हाळी भुईमूग पेरला की पुन्हा माळ्यावर. तोवर दुर्बीण ठरवायची होती.

मी नोएडाच्या ज्या ऑफिसात काम करते तिथे माझं कामच मुळी चार पुरवठादारांची माहिती शेजारी शेजारी मांडून एक निवडायची, हे आहे. मी त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून तक्ता केला. किती पट मोठं दिसतं, पुढची काच केवढी, वजन किती, पाण्यात टिकते का. अण्णांनी तक्ता पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "यात डुक्कर कुठे आहे?"

"म्हणजे?"

"डुक्कर किती लांब उभं आहे, उजेड किती आहे, ते चाललंय की थांबलंय. आधी ते लिही. दुर्बीण मागाहून."

मग त्यांनी मला दोन तास शिकवलं. इतकं सलग ते माझ्याशी शेवटचं कधी बोलले होते ते मला आठवत नाही. आमच्याकडे डुक्कर दिसतं ते ऐंशी-शंभर पावलांवर, फार तर दीडशे. तिथे वीस-वीस पट मोठं करणारी काच घेतली तर डुकराचे केस दिसतात, डुक्कर दिसत नाही. कमी पटीची बरी, म्हणजे आजूबाजूचंही दिसतं. वेळ पहाटेची, म्हणून पुढची काच मोठी, उजेड जास्त घेणारी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळा काचेपासून चांगला चार बोटं लांब राहिला पाहिजे. त्यांची रायफल जुनी आहे, धक्का जोरात देते. "एक पोरगा होता आमच्याकडे, चिकटून बसला दुर्बिणीला," ते म्हणाले. "भुवईवर पाच टाके. आयुष्यभर नवल वाटल्यासारखा दिसायचा."

पुढच्या शनिवारी आम्ही जुन्या दिल्लीत बंदुकांच्या एका दुकानात गेलो. परवाना गावाकडचा, त्यामुळे रायफल दिल्लीला आणायचा प्रश्नच नव्हता. अण्णांनी तिचं माप एका कागदावर पेन्सिलीनं काढून आणलं होतं, दुर्बिणीच्या कड्या कुठे बसतील त्या खुणांसकट. दुकानदारानं तो कागद आदरानं पाहिला आणि बाजूला ठेवून सगळ्यात लांब दुर्बीण काढली.

"बाबूजी, चौबीस पावर ले जाइए. मक्खी की टांग गिन लोगे."

"हमको टांग नहीं गिननी," अण्णा म्हणाले. "जानवर है कि नहीं, बस ये पता चलना चाहिए."

दुकानदार हसला, मीही हसले. दुकानदाराचं जाऊ दे, पण मी हसायला नको होतं.

अण्णांनी दारात उभं राहून चार-पाच दुर्बिणी डोळ्याला लावल्या. समोर गर्दी, रिक्षा, तारांचे गुंते, आणि त्या सगळ्यावर नोव्हेंबरचा तो करडा धूर. एकही त्यांना पसंत पडली नाही. "तुमच्या दिल्लीत काय कप्पाळ दिसणार," म्हणत ते मेट्रोकडे चालू लागले. त्या महिन्यात दिल्लीत कुणालाच काही दिसत नव्हतं. आमच्या बाल्कनीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टंकी दिवसचे दिवस गायब असायची. तेव्हा तक्रार अगदी रास्त वाटली.

शेवटी मी तीन दुर्बिणी ऑनलाइन मागवल्या. एक ठेवायची, दोन परत करायच्या. अण्णांना हा प्रकार अजिबात आवडला नाही. वापरून बघून परत देणं त्यांना बेइमानी वाटत होती. मी म्हटलं, "अण्णा, सगळे असंच करतात." ते म्हणाले, "सगळे करतात म्हणूनच विचारतोय." तरी त्यांनी खोकी उघडली, ती अगदी टाचणीनं चिकटपट्टी सोडवत, खोकं फाटू न देता.

रायफल नसताना दुर्बीण पारखायची कशी, यावर अण्णांनी काढलेला तोडगा म्हणजे आमचा पोछा. फरशी पुसायच्या त्या दांड्याला त्यांनी निळ्या चिकटपट्टीनं दुर्बीण घट्ट बांधली, दांड्याचं टोक खांद्याला लावलं, आणि बाल्कनीच्या कठड्यावर उशी ठेवून बसले. दुसऱ्या टोकाला पोछ्याच्या सुतळ्या खाली लोंबत होत्या. काम करायला येणाऱ्या बाई दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दीदी, नया पोछा मँगवा लो. अंकल जी का ये वाला तो ड्यूटी पर है."

आमच्या घरात वस्तू दाखवायची एक पद्धत आहे, ती इथे सांगायला हवी. जवानाला लांबचं लक्ष्य दाखवताना फौजेत ‘ते बघ, तिकडे’ म्हणत नाहीत. आधी सहज दिसणारी एक मोठी खूण सांगतात. मग त्या खुणेवर मनातल्या मनात घड्याळ ठेवायचं, आणि लक्ष्य किती वाजता आहे ते सांगायचं. आम्ही छावणीच्या क्वार्टरात वाढलो, आणि आईनं ही पद्धत स्वयंपाकघरात आणली. "फ्रिज. दोन वाजता. हिंगाची डबी." आम्ही बहीण-भाऊ बरोबर उजवीकडच्या वरच्या खणाकडे हात न्यायचो. माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याला वाटलं, आम्ही सारखी वेळ का सांगतो. आता तो फरीदाबादच्या कारखान्यातून फोन करून सांगतो, "सोफा, सात वाजता, माझं पाकीट राहिलंय."

तर दुर्बिणींची परीक्षा अशी चालायची. मी ऑफिसातून आले की बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची आणि विचारायची.

"टंकी. तीन वाजता."

"गच्ची. त्यावर दोन डिश अँटेना."

"टंकीवर काय लिहिलंय?"

"सात."

"मेट्रोचा खांब. दहा वाजता."

"कडुलिंब. वाळका. पलीकडे मोबाइलवाल्याचा बोर्ड."

धूर जरा विरळ असला की अण्णा पटापट सांगायचे. एकही उत्तर चुकायचं नाही. आणि तरीही एकही दुर्बीण पसंत पडायची नाही. पहिलीच्या काचेतला नेमाचा क्रॉस जाड, लक्ष्य झाकून टाकतो. दुसरीत कडेनं काळं वर्तुळ येतं. तिसरी पिवळट. मग पुन्हा पहिली. मी तक्ता भरत होते आणि मनातून चिडत होते. मला राग लवकर येतो, आईवर गेले आहे. एकदा म्हटलं, "अण्णा, सगळं बरोबर ओळखताय, मग दुर्बीण वाईट कशी?" ते म्हणाले, "ओळखणं वेगळं, दिसणं वेगळं." मला वाटलं, मास्तर माणूस आहे, काहीतरी खोल सांगतोय. मी ते तक्त्याच्या खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहूनसुद्धा ठेवलं.

मध्येच एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. चेहरा गंभीर, मागे वॉचमन.

"मॅडम, सामने वाली सोसायटी से शिकायत आई है. आपके यहाँ कोई बुज़ुर्ग बाल्कनी से निशाना लगा रहे हैं."

मी त्यांना बाल्कनीत नेलं. अण्णा खांद्याला पोछा लावून बसले होते. सेक्रेटरींनी सुतळ्यांपासून दुर्बिणीपर्यंत सगळं नीट पाहून घेतलं आणि त्यांना हसावं की रागवावं ते कळेना. अण्णा उठले, आपली खुर्ची त्यांना दिली आणि म्हणाले, "बैठिए. एक आँख बंद. साँस आधी छोड़िए, फिर देखिए." सेक्रेटरी बसले. दहा मिनिटं उठले नाहीत. त्यांनी खाली लावलेली स्वतःची गाडी बघितली, तिच्या दारावरचा ओरखडा बघितला, तो कुणी काढला असेल याचा अंदाज सांगितला आणि चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, "बस अंकल, लेडीज़ की बाल्कनी की तरफ मत कीजिएगा." अण्णा लाजले. मी त्यांना लाजताना फार क्वचित पाहिलंय.

डिसेंबरमध्ये एका शनिवारी रात्रभर वारा सुटला, थोडा पाऊसही झाला. रविवारी सकाळी पडदा सरकवला तर दिल्ली धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ. टंकी, गच्च्या, मेट्रोचा पूल, त्यापलीकडच्या इमारती, सगळं स्पष्ट. मी अण्णांना हाक मारली. "चला, आज धुराचं कारण नाही. आज दुर्बीण ठरवूनच टाकू."

ते जरा रेंगाळले. आंघोळ व्हायचीय म्हणाले. मग बसले.

"टंकी," मी म्हटलं. "आकडा?"

"सात. अगदी स्वच्छ."

मी सहज टंकीकडे पाहिलं. साध्या डोळ्यांनीही तिथे सात नव्हता. टंकी पांढरीशुभ्र होती. कुणीतरी रंग द्यायला घेतला होता. मला वाटलं, ते दुसऱ्याच टंकीकडे बघत असतील. मी खाली वाकून दांड्याची दिशा पाहिली. बरोबर होती.

"अण्णा, जरा मला बघू द्या."

त्यांनी दांडा हलू न देता मला जागा दिली. मी डोळा लावला. क्रॉसच्या बरोबर मध्यावर, टंकीच्या कडेला, एक माणूस बसला होता. पाय खाली सोडलेले, हातात ब्रश, शेजारी रंगाचा डबा. तो आरामात विडी ओढत होता. त्याच्या शर्टाच्या बाहीवर रंगाचे डाग होते, तेसुद्धा मला दिसत होते.

"टंकीवर अजून काय आहे?" मी विचारलं. डोळा काढला नाही.

"काही नाही. नुसती टंकी."

मी सरळ उभी राहिले. माझा आवाज चढला. "अण्णा, तिथे माणूस बसलाय. तुम्ही त्याच्यावर नेम धरून बसलाय आणि तुम्हाला तो दिसत नाही. आणि तो सात कुठून आणलात? सात पुसलाय त्यांनी. एक महिना मला काय खेळवताय?"

त्यांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर पेन्सिलीनं आमच्या बाल्कनीतून दिसणारा सगळा देखावा काढला होता. मधोमध टंकी, तिच्यावर ७. मग खांब, कडुलिंब, बोर्ड, डिश अँटेना. प्रत्येकापुढे अंतर, पावलांमध्ये. सरहद्दीवरच्या मोर्चावर नवा जवान गेला की पहिल्या दिवशी असा नकाशा काढतो, म्हणजे अंधारात आणि धुरातही समोर कुठे काय आहे ते पाठ असतं. रोज सकाळी अण्णा फिरायला जात होते ते हे करायला. ते समोरच्या सोसायटीच्या कुंपणापर्यंत पावलं मोजत गेले होते, जवळून बोर्ड वाचले होते, आणि घरी येऊन कागदावर मांडलं होतं. महिनाभर मी दुर्बिणीची परीक्षा घेत होते आणि ते पाठांतराची देत होते.

मला त्यांचा भयंकर राग आला. त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही, खाली बसून दांड्याची चिकटपट्टी सोडवायला लागले.

"उजव्या डोळ्यात मध्ये डाग आहे," ते वरून म्हणाले. "कडेनं दिसतं. जिकडे बघतो तेवढंच दिसत नाही. वर्ष झालं असेल."

"आणि वर्षभर माळ्यावर बसत होता?"

"बसलो."

मग त्यांनी मला ते सांगितलं. मागच्या आश्विनात, दिवाळीच्या थोडं आधी, ते आमच्याच वावरात माळ्यावर बसले होते. आमच्याकडे नियम आहे, अण्णा माळ्यावर असले की ऊन वर येईपर्यंत वावरात कुणी जायचं नाही. फटफटलं होतं. भुईमुगात शंभर पावलांवर काळा उंचवटा दिसला, डोळ्याच्या कडेनं. तो हलला. थांबला. पुन्हा हलला. डुक्कर मुळ्या उकरताना असंच करतं. त्यांनी रायफल खांद्याला घेतली, मक्खी जुळवली, म्हणजे जुळली असं मानलं, आणि घोड्याचा पहिला दाब घेतला. त्यांच्या रायफलीच्या घोड्याला दोन दाब आहेत. पहिल्यानंतर बोट थांबतं, आणि दुसऱ्याला गोळी सुटते.

"आणि ते डुक्कर उभं राहिलं," अण्णा म्हणाले. "दोन पायांवर. तुझी काकू होती."

काकू डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, दवात न भिजावं म्हणून, डुकरांनी उकरलेल्या शेंगा वेचत होती. नियम तिला ठाऊक होता. पण उकरलेल्या शेंगा ऊन पडेपर्यंत ठेवल्या तर कावळे नेतात, आणि तिच्यानं शेंग वाया गेलेली बघवत नाही. कंबर अवघडली म्हणून ती उभी राहिली असेल, असं अण्णांना वाटत होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. शेंगांची पाटी घेऊन घराकडे गेली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार. आठ दिवसांनी दिल्लीची गाडी पकडली.

"मला वाटलं, चांगली काच असली तर ओळखता येईल," ते म्हणाले. "मारायला नको होती दुर्बीण. समोर कोण आहे ते कळायला हवी होती."

मी तिथेच फरशीवर बसून रडले. काकूसाठी, त्यांच्यासाठी, आणि दुकानात मी हसले होते त्यासाठीही. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं दुर्बिणीचं झाकण लावलं. काच उघडी राहिलेली त्यांना चालत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हा पडद्यावरचा डाग आहे, तोही बरोबर मध्यावर. इंजेक्शनांनी वाढायचा थांबेल, गेलेलं परत येणार नाही. डाव्या डोळ्याला लांबचं जरा अंधूक दिसतं, पण त्यात डाग नाही, तो जपा. अण्णांनी त्यांना हिंदीत विचारलं, "दूरबीन से कुछ फायदा?" त्यांनी समजावलं, की दुर्बीण मधलं चित्र मोठं करते, आणि तुमचं नेमकं मधलंच गेलंय. अण्णांनी मान हलवली. शिकवणाऱ्या माणसाला कुणी नीट समजावून सांगितलं की बरं वाटतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मेट्रोत मी त्यांना म्हटलं, डाव्या डोळ्यानं शिका. डाव्या खांद्यावर घ्या रायफल. लोक शिकतात.

"माझ्यासमोर पंचाहत्तर वर्षांचा रंगरूट आला असता तर मी त्याला परत पाठवला असता," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, यमुना ओलांडताना, "पण गावाला काय सांगू?"

मला त्यात अवघड वाटत नव्हतं. वय झालं म्हणा, डोळा गेला म्हणा, कुणीही समजून घेईल. तसं मी बोललेही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट दिसावं म्हणून आता ते चेहरा जरासा वळवून बघायचे, ते माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. "गावाला ते सांगेन. तिला काय सांगू?"

आमच्याकडे थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. एका घरात तीसेक वर्षं राहून काकू अण्णांसमोर पदर सारखा करते, ताट वाढते, आणि जे सांगायचं ते काकांकडून सांगते. ‘तुमच्या भाऊंना विचारा, दूध घेणार का.’ भाऊ दोन हातांवर बसलेले असतात. अण्णाही तसंच उत्तर देतात. त्यांचं एकमेकांवर अतिशय प्रेम आहे, आईच्या आजारपणात काकूनं जे केलं ते मी करू शकले नसते, आणि तरी ते दोघं कधी सरळ एक वाक्य बोललेले मी ऐकले नव्हते. तेव्हा मी म्हटलं, काकांना फोन लावते, ते सांगतील तिला.

"नाही," अण्णा म्हणाले. "नेम मी धरला होता. त्यानं का सांगायचं?"

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, दुपारी काका बाजाराला गेलेले असतात हे बघून, त्यांनी मला घरचा नंबर लावायला सांगितला आणि फोन स्पीकरवर टाकायला लावला. मी उठून आत जायला लागले तर म्हणाले, "बस. तू पण ऐक."

काकूनंच उचलला. नेहमीप्रमाणे म्हणाली, "ते बाजारला गेल्यात. आल्यावर सांगते."

"त्याच्याशी नाही बोलायचं," अण्णा म्हणाले. "तुझ्याशी बोलायचंय."

पलीकडे बांगड्या वाजल्या. ती फोनवरही पदर सारखा करत होती.

अण्णांनी सरळ सांगितलं. फौजेत अहवाल देतात तसं, दिवस, वेळ, अंतर, उजेड. मी तुला जनावर समजलो. पहिला दाब घेतला होता. तू कंबर सरळ करायला उभी राहिलीस म्हणून वाचलीस. माझा डोळा गेलाय, आणि तो गेलाय हे मला तेव्हा ठाऊक होतं. तरी मी बसलो. चूक माझी. हे सांगताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. मी त्यांचा हात धरला.

काकू म्हणाली, "मला ठावं हाय, भावजी."

"काय?"

"नळी दिसली मला. माझ्याकडंच होती. मी काय कंबर सरळ कराया उठले न्हाई. म्हटलं, बसून राहिले तर ह्यांना कळायचं न्हाई, म्हणून उठले. पदर बी हलीवला. तुमाला दिसला न्हाई, ते बी मला दिसलं." ती थांबली. "तवापासनं मी वावरात जाताना मोठ्यानं बोलत जाते. एकटीच. तुमचे भाऊ म्हणत्यात, हिला याड लागलं."

"सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगून काय? त्यांनी बंदूक काढून घेतली असती तुमच्याकडनं. वैनी गेल्यापासनं तेवढंच हाय तुमाला."

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता फोन ठेवतील. पण काकूच पुढे बोलली, जरा दमानं, कितीतरी दिवस मनात धरून ठेवलेलं विचारावं तसं.

"मी उठले नसते तर मारली असती का हो?"

मी अण्णांचा हात घट्ट धरला. मला त्यांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं.

"हो," अण्णा म्हणाले. "मारली असती."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग काकूनं नाक ओढलं.

"खरं बोललात, बरं वाटलं. न्हाई म्हणला असता तर मला पुन्हा भ्या वाटलं असतं तुमचं." आणि लगेच, तिच्या रोजच्या, काम सांगायच्या आवाजात म्हणाली, "बंदूक जमा करून टाका चौकीत. डुकरांचं बघू काय ते. तुमी नुसतं या. कधी येताय?"

 अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, तारीख सांग तिला.